सर घर बघायला गेले

आमच्या शाळेत दोन वेळापत्रकं चालायची. एक मुख्याध्यापकांच्या टेबलावर काचेखाली असायचं, सोमवार ते शनिवार, तासांच्या चौकटी आखलेलं. दुसरं खेळाच्या सरांच्या डोक्यात असायचं आणि ते तिथीवर चालायचं. अष्टमी आली की भर बारा वाजता नववी-दहावीची अर्धी मुलं वर्गातून नाहीशी व्हायची. गणिताचे मास्तर फळ्यावर प्रमेय लिहून मागे वळायचे, तर समोर बाकं मोकळी. मग ते तणतणत मुख्याध्यापकांकडे जायचे. मुख्याध्यापक खिडकीतून समुद्राकडे बघायचे आणि म्हणायचे, "अष्टमी आहे हो. मी तरी काय करणार?"

गोष्ट साधी होती. शाळेच्या मैदानावर गावाने समाजमंदिर बांधलं होतं, त्यामुळे खेळायला उरला समुद्र. चौल-रेवदंड्याच्या बाजूला ओहोटी लागली की ओली, घट्ट वाळू लांबपर्यंत उघडी पडते. तिच्यावर सायकल चालते, टेम्पो चालतो आणि सरांच्या मते जगातला सर्वांत चांगला फुटबॉल चालतो. पण ओहोटीची वेळ रोज पुढे सरकते. अष्टमीला दुपारी बारा, एकादशीला दोन-सव्वादोन, पौर्णिमा-अमावास्येला संध्याकाळी सहा. शिक्षण खात्याला हे कोण समजावणार? सर त्या भानगडीत पडत नसत. ते सरळ मुलं घेऊन जात.

मी पनवेलची. त्या शाळेत इंग्रजी शिकवायला रुजू झाले त्या पहिल्याच दिवशी सरांनी मला विचारलं, "बाई, आज काय हाय?"

मी म्हटलं, "बुधवार."

"बुधवार सगळीकडंच असतो," ते फार कणवेने म्हणाले. "इथं काय हाय ते विचारतोय."

त्या दिवशी षष्ठी होती. आता माझी बदली होऊन मी परत पनवेलला आले आहे, तरी स्वयंपाकघरात तिथ्यांचं कॅलेंडर लावते आणि सकाळी उठल्यावर आधी तिथी बघते. उपासतापास मी करत नाही. सरांनी लावलेली सवय, दुसरं काय.

सर दिसायला बुटके, सावळे, अंगात नेहमी पूर्ण बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट आणि खाली गुडघ्यापर्यंत दुमडलेली पॅन्ट. पायात कधी काही नसायचं. पांढरे कॅनव्हासचे बूट होते, पण ते नाड्या एकमेकींना बांधून गळ्यात अडकवलेले असायचे. बूट रस्त्यासाठी असतात, आणि शाळेपासून किनाऱ्यापर्यंत रस्ता फारच थोडा, तेव्हा घालून काढण्यापेक्षा गळ्यात बरे, असा त्यांचा हिशोब. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "तुम्ही बूट का घालत नाही?" सर म्हणाले, "घातलेत की." आणि गळ्याकडे बोट दाखवलं.

हातात नारळाची वाळकी झावळी असायची. तिचा देठ वाळूत टेकवून ती ओढत ते चालायचे आणि मागे मैदान आखलं जायचं. दोरी नाही, माप नाही. सोबत कोणी बोलायला मिळालं आणि बोलणं रंगलं, तर सरांना थांबायचं भान राहायचं नाही आणि मैदान लांबत जायचं. मुख्याध्यापक एकदा पगारवाढीचा विषय काढून त्यांच्या बाजूने चालत गेले, तर त्या दिवशी दोन्ही गोलकीपर एकमेकांना दिसत नव्हते. मुलं मात्र खूश असायची. सरांना बोलतं ठेवा, असं ती नव्या शिक्षकांना हळूच सांगायची.

मुलगा संघात कुठे खेळणार हे ते जेवायला घालून ठरवायचे. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, त्या दिवशी मुद्दाम भरपूर काट्यांचा मासा करायच्या. जो घाईघाईने खाऊन घशात काटा अडकवून घेईल तो पुढच्या फळीत. जो काटे ताटाच्या कडेला नीट लावून ठेवील तो मधे. आणि जो काकूंकडे आणखी भात मागेल तो गोलकीपर, कारण तो जागचा हलत नाही. हा सगळा चावटपणा आहे असं मला वाटायचं आणि मी तसं बोलूनही दाखवायचे. सर म्हणायचे, "बाई, तुम्ही कशा खाता ते मी बघितलंय. तुम्हाला पंच करीन." मी फार काळ विचार केला, पण ही तारीफ होती की टोमणा, ते मला अजून समजलेलं नाही.

साहिल हा ट्रेलर चालवणाऱ्याचा मुलगा. उरणच्या बंदरातून कंटेनर घेऊन त्याचे वडील देशभर फिरायचे. साहिल पहिल्यांदा जेवायला बसला तेव्हा मीही तिथे होते. त्याने आपले काटे तर बाजूला लावलेच, वर शेजारी ठसकणाऱ्या मुलाच्या माशातलेही काढून दिले. सरांनी आपलं ताट तसंच ठेवलं आणि आत काकूंना हाक मारली, "अगं, बाहेर ये. पास देणारा आलाय."

सरांची आणखी एक खोड होती, ती पाण्याची. आमच्या त्या किनाऱ्यावर एका वाडीतल्या विहिरीचं पाणी गोड, तर कुंपणापलीकडे मचूळ. मचूळ पाण्यात डाळ शिजत नाही आणि चहाला चव येत नाही. म्हणून मुलगी देण्याआधी मुलीकडचे लोक घर बघायला गेले की चहाच्या आधी पाणी मागून घेत आणि तोंडात घोळवून पीत. लेकीला जन्मभर तेच प्यायचं. नळ आल्यापासून ही रीत नावाला उरली, लोक पेला ओठाला लावतात आणि खाली ठेवतात. सरांनी ती तशी सोडली नाही. स्वतःच्या लेकीला आलेलं सरकारी नोकरीतलं एक स्थळ त्यांनी पाण्यावरून मोडलं होतं. शेवटी पोयनाडजवळ दिली. तिथल्या विहिरीचं ते इतकं कौतुक करायचे की जावयाचं नाव मला कधी कळलंच नाही.

तर असा माणूस एकदा घर न बघताच पोराला पाठवून बसला होता, आणि ते त्यांना फार लागलं होतं. माझ्या आधीची गोष्ट. त्यांचा एक गोलकीपर, उंच, हसरा पोरगा. नवी मुंबईकडून कोणी एजंट आला आणि परदेशातल्या क्लबात घेतो म्हणाला. गावाने मिरवणूक काढली, सरांनी हार घातला. तिकडे ना क्लब होता ना मैदान. एका खोलीत दाटीवाटीने झोपणारी देशोदेशीची पोरं होती, आणि भाजी बाजारात पेट्या उचलायचं काम. काही महिन्यांनी तो कसाबसा परत आला तेव्हा सर त्याला आणायला विमानतळावर गेले होते. तो आता अलिबागला दुकान चालवतो, चांगलं चाललंय. पण त्याचा विषय निघाला की सर म्हणायचे, "हार मी घातला. घर बघितलं न्हाय." एवढंच म्हणायचे आणि झावळी उचलायचे.

त्यामुळे मुंबईतल्या एका स्पर्धेत साहिलला पाहून पोर्तुगालच्या एका क्लबचा माणूस त्याच्या मागे लागला, तेव्हा गावात पेढे वाटायची तयारी सुरू झाली आणि सर मात्र झावळी उचलून किनाऱ्याकडे चालू लागले. साहिल तेव्हा सतराचा होता. इतकी चांगली संधी परत येणार नाही, हे मला दिसत होतं. सर अडून बसले तर पोराचं नुकसान आणि सोडून दिलं तर पुन्हा तोच धोका. साहिल दोन्हीकडे बघत राहायचा. सर हो म्हणाल्याशिवाय तो जाणार नव्हता, हे त्याने आईला सांगून टाकलं होतं.

क्लबच्या माणसाला साहिल जिथे शिकला ते मैदान बघायचं होतं. ऊन टाळायचं म्हणून तो ठरल्यापेक्षा फार लवकर, सकाळी आठलाच अलिबागहून गाडी करून आला. त्या दिवशी दशमी. समुद्र पार केवड्याच्या बनाला टेकलेला. त्याने मला विचारलं, मैदान कुठे आहे? मी सरांना विचारलं. सरांनी भरतीच्या लाटांकडे बोट केलं.

"ते काय. यायचंय अजून. सांगा त्याला, दुपारपर्यंत येईल."

मी सांगितलं. तो माणूस पाण्याकडे बघत राहिला, मग सरांच्या गळ्यातल्या बुटांकडे बघत राहिला. सरांनी त्याचा दंड धरला आणि आपल्या घराच्या पडवीत आणून बसवलं. "तोपर्यंत कार्यक्रम उरकून घेऊ," ते म्हणाले.

कार्यक्रम म्हणजे काय, ते मला पडवीत गेल्यावर कळलं. सतरंजी अंथरलेली. साहिलचे आईवडील एका बाजूला, वडील रात्रभर ट्रेलर चालवून आलेले, डोळे लाल. साहिलला नवा शर्ट घालून मधल्या खुर्चीवर बसवलेला. काकूंनी कांदेपोह्यांच्या बशा आणल्या, ओलं खोबरं पेरलेल्या. पाहुण्याने पोहे खाल्ले, परत मागून घेतले. साहिलने लाजेने मान इतकी खाली घातली होती की खरोखरच कोणी बघायला आलंय असं वाटावं.

"बाई, एक एक वाक्य नीट सांगा," सर मला म्हणाले. "आम्ही मुलगा देतोय. म्हणजे मुलीकडचे आम्ही."

"घरजावई देतोय म्हणा की," काकू आतून म्हणाल्या.

"तेच ते. विचारा, पोरं ठेवतात कुठं?"

पाहुणा म्हणाला, क्लबाजवळच्या घरांमधून ठेवतो. एका घरात दोन मुलं. घरातली बाई त्यांचं खाणंपिणं बघते.

"बाई कोण? स्वभाव कसा तिचा?"

मी विचारलं. पाहुणा हसायला लागला. तो म्हणाला, मुलं शोधत मी पुष्कळ देशांत फिरलो. लोक विचारतात पैसे किती, टीव्हीवर कधी दिसेल. बाईचा स्वभाव कोणी विचारला नव्हता.

"त्यांनी लेकी दिल्या नसतील कधी," सर म्हणाले. हे मी जसंच्या तसं सांगितलं. पाहुण्याने बशी खाली ठेवली आणि सावरून बसला.

मग वयाचा मुद्दा निघाला. अठरा पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्या देशातला मुलगा घेता येत नाही, असा नियम आहे, त्याआधी फक्त पंधरवडाभर बोलावून पारखून बघू, असं त्याने सांगितलं. सरांना नियम पसंत पडला. "आपल्याकडं मुलाला एकवीस लागतात," ते म्हणाले, "पण ठीक हाय, ते लग्नाला." आणि मग त्यांनी खरी गोष्ट काढली. पारखायला मुलाला बोलावताय, तसं आम्हालाही पारखायचंय. घर बघितल्याशिवाय आम्ही शब्द देत नाही.

मला वाटलं आता बिनसलं. साहिलच्या आईने पदर तोंडाशी धरला. पाहुण्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, मुलासोबत घरचं एक मोठं माणूस येऊ शकतं.

सगळ्यांनी साहिलच्या वडिलांकडे बघितलं. ते सतरंजीचा धागा ओढत होते. "मी टेलर चालवनारा मानूस," ते म्हणाले. "मला घर बघून काय कलनार? ट्रकच्या टायरातलं इचारा. सर, तुमीच जावा."

दुपारी मैदान आलं. सरांनी झावळी ओढत ते आखलं, आणि पाहुणा त्यांच्या बाजूने चालला. वाळूत साचलेलं पाणी ओलांडायला त्याने बूट काढले, मग हात मोकळे राहावेत म्हणून नाड्या बांधून गळ्यात अडकवले. सरांनी ते पाहिलं आणि मला म्हणाले, "माणूस शिकण्यासारखा हाय."

पासपोर्ट काढणं हा एक स्वतंत्र सोहळा झाला. पहिल्या फोटोत गळ्याजवळ बुटाच्या नाड्या आल्या म्हणून तो परत काढावा लागला. थंडीत सर आणि साहिल पोर्तुगालला गेले. काकूंनी फणसपोळी बांधून दिली, आणि सरांनी आपल्या हाताने मूठभर तुरीची डाळ रुमालात बांधून घेतली. डाळ कशाला, असं मी विचारलं. "कळेल," म्हणाले.

परत आले त्या संध्याकाळी त्यांच्या पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. गणिताचे मास्तरही आले होते. घर बघून आलेला माणूस कसं सांगतो, तसं सरांनी अगदी फाटकापासून सुरुवात केली. घर लहान, पण अंगणात लिंबाचं झाड. बाई विधवा, नाव रोझा, वय काकूंएवढं. समुद्र चालत जाण्याइतक्या अंतरावर, आणि सूर्य आपल्यासारखाच पाण्यात बुडतो, त्यामुळे दिशेचा घोळ नाही.

"तिनं कॉफी विचारली. मी म्हटलं, आधी पाणी. तिनं बाटली फोडली. मी म्हटलं, न्हाय, तुम्ही पिता ते. नळाचं दिलं. घोळवून प्यायलो. जरा जड, पण गोड."

"बाटलीचं काय वाईट होतं?" मास्तरांनी विचारलं.

"बाटली काय, दुकानाचं पाणी ते. मला घराचं बघायचं होतं. आणि नुसत्या जिभेवर भरवसा न्हाय ठेवला. डाळ काढली, तिच्या चुलीवर शिजायला टाकली. मऊसूत शिजली. तिला वरणभात खायला घातला. दोनदा घेतलंन."

मग भाषेचं निघालं. सरांना इंग्रजी बेताचंच, पोर्तुगीज तर नाहीच. पण पहिल्या सकाळी रोझाबाईंनी ताटलीत पाव ठेवला आणि म्हणाल्या, पाव. सर उडाले. मग त्यांनी बटाटा म्हणून बघितलं, तर तिने बटाटा दाखवला. अननस म्हटलं, तर हसली. चावीलाही जवळजवळ चावीच म्हणतात. "त्यांचे पूर्वज कधीकाळी इथं आले, रेवदंड्याला किल्ला बांधून बसले आणि जाताना अर्धं स्वयंपाकघर इथंच विसरून गेले," सर म्हणाले. "जुनी ओळख हाय. सोयरीक करायला हरकत न्हाय."

"खोट काहीच नाही?" काकूंनी विचारलं. त्यांना नवऱ्याने एवढं कौतुक केलं की संशय यायचा.

"हाय ना. बादली न्हाय. शब्द त्यांचा, आणि न्हाणीघरात बादलीच न्हाय. पोरानं अंघोळ कशी करायची? मी बाजारात जाऊन घेऊन आलो एक. रोझाबाईंना काय करायची ती समजलं न्हाय, त्यांनी तिच्यात लिंबं ठेवलीन."

सगळे हसत होते. साहिल खांबाला टेकून बसला होता, तोही हसत होता, पण त्याचं लक्ष सरांच्या तोंडाकडे होतं. क्लबाने त्याला पसंत केलं होतं, ते सगळ्यांना कळलं होतं. सरांनी अजून शब्द दिला नव्हता.

"आता मुद्द्याचं," सर म्हणाले. "एका संध्याकाळी पोराला यायला उशीर झाला. क्लबात थांबवलं होतं. रोझाबाई जेवल्या न्हाईत. ताट झाकून टेबलाशी बसल्या. मला खुणेनं म्हणाल्या, तुम्ही जेवा. मी बघत बसलो. हा आला, तर अशा ओरडल्या त्याच्यावर. मला एक शब्द कळला न्हाय. पण पोटातनं ओरडल्या. आपली आई ओरडते तशा." त्यांनी साहिलच्या आईकडे बघितलं. "तवाच ठरवलं. घर देण्यासारखं हाय."

साहिलच्या आईने तिथेच त्यांच्या पायाला हात लावला. मला हे सगळं थट्टेवारी नेत ऐकायची सवय होती, पण त्या वेळी मी उगीच बशा उचलायला लागले.

एक अट मात्र सरांनी फोनवर घातली. पहिली दिवाळी माहेरी. पाहुणा म्हणाला, तेव्हा आमच्या स्पर्धा चालू असतात. सर म्हणाले, "तुमच्या स्पर्धा असतील. आमचा दिवाळसण हाय." मी हे दर वेळी नवीन शब्दांत सांगत होते आणि तो दर वेळी नाही म्हणत होता. शेवटी म्हणे रोझाबाई स्वतः क्लबात जाऊन भांडल्या, आणि स्पर्धेच्या मधल्या सुट्टीत साहिलची रवानगी ठरली.

अठरा पूर्ण झाल्यावर तो पावसाळ्यात गेला होता. दिवाळीला आला तेव्हा दंड भरलेले, केस विचित्र कापलेले, आणि सोबत एक उंच, लाजाळू मुलगा. रोझाबाईंकडे साहिलच्या खोलीत राहणारा हा दुसरा. नाव दोमिंगो. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गिनी-बिसाऊ नावाचा छोटा देश आहे, तिथला. साहिलच्या आधीपासून त्या क्लबात होता, पण सर जाऊन आले तेव्हा दुसऱ्या घरी राहायचा. गावातल्या पोरांनी त्याला लगेच दोमू केला आणि एका दिवसात तो सगळ्या घरांतला फराळ खाऊन मोकळा झाला.

नरक चतुर्दशीच्या पहाटे काकूंनी दोघांना पाटावर बसवून तेल लावलं, उटणं चोळलं. दोमिंगो आधी लाजला, मग डोळे मिटून बसला. अंघोळीनंतर तुळशीपाशी कारीट फोडायचं असतं, डाव्या पायाच्या अंगठ्याने. साहिलचं नेहमीप्रमाणे दुसऱ्या प्रयत्नात फुटलं. दोमिंगोने डावा अंगठा नुसता टेकवला आणि कारिटाच्या बिया भिंतीपर्यंत उडाल्या. सर टाळ्या वाजवत म्हणाले, "डावखुरा हाय. मला कोणी सांगितलं न्हाय."

दुपारी जेवणं झाल्यावर दोमिंगोने आईला फोन लावला. तिकडे तेव्हा सकाळ. फोनवर एक बाई दिसली, डोक्याला रंगीत फडकं, मागे काजूचं झाड. सरांनी झाड ओळखलं आणि ते खूश होऊन मान पुढे काढून बघायला लागले. आईने मुलाचं तेलकट तोंड बघितलं, काहीतरी म्हणाली, आणि दोमिंगोचा चेहरा एकदम पडला.

"काय म्हणाल्या?" सरांनी विचारलं.

मी दोमिंगोला इंग्रजीत विचारलं. त्याने हळूहळू सांगितलं. आई दर वेळी एकच विचारते, परत कधी येतोस. त्यांच्या गावातला एक मुलगा असाच कोणासोबत खेळायला म्हणून गेला होता आणि फार हाल होऊन परतला. तेव्हापासून तिचा कशावरच विश्वास नाही. सुट्टीत तो घरी गेला नाही तोही याच भीतीने. एकदा गेलो तर ती निघू देणार नाही, आणि ती रडली तर माझा पाय निघणार नाही. दिवाळीनंतर क्लबात परतायचं की आईकडे जायचं, हेच तो ठरवत होता.

सर सगळं ऐकून घेत होते. मग त्यांनी विचारलं, "ह्याचं घर कोणी बघितलं?"

मी दोमिंगोला विचारलं. तो म्हणाला, कोणी नाही. आईला तेवढ्या लांब कोण नेणार?

सर उठले. त्यांनी गळ्यातले बूट काढून खुंटीला अडकवले. इतक्या वर्षांत त्यांना बुटांशिवाय मी पहिल्यांदाच बघत होते. गळ्याचं बटण लावलं, केसांवरून हात फिरवला आणि फोन मागून घेतला.

"ताई, नमस्कार," ते म्हणाले. "मी तुमच्या मुलाचं घर बघून आलोय."

ते मराठीत बोलत होते, मी ते इंग्रजीत दोमिंगोला सांगत होते आणि दोमिंगो आपल्या भाषेत आईला. प्रत्येक वाक्याला वेळ लागत होता. सरांना कसली घाई नव्हती.

"घर लहान हाय, पण नीटनेटकं. अंगणात लिंबाचं झाड हाय. समुद्र जवळ हाय. पाणी मी स्वतः पिऊन बघितलंय. गोड हाय. डाळ शिजते."

दोमिंगो डाळीपाशी अडला. मग त्याने हाताने काहीतरी दाखवून सांगितलं. तिकडची बाई फोनच्या अगदी जवळ आली. आता नुसते तिचे डोळे दिसत होते. तिने एक प्रश्न विचारला.

"आई विचारते," दोमिंगो म्हणाला, "मला यायला उशीर झाला तर ती बाई जेवायची थांबते का?"

मी सांगितलं. सरांनी मान हलवली.

"थांबते. ताट झाकून बसते. मी डोळ्यांनी बघितलंय. आणि पोरगं घरात आलं की ओरडते."

हे शेवटचं दोमिंगोने सांगितलं आणि तिकडे ती बाई हसली. आधी हळू, मग पदरासारखं फडकं तोंडाला लावून हसली. डोळे पुसले. मग ती थोडंसंच काही बोलली. साहिलने दोमिंगोला कोपराने ढोसलं.

"ती म्हणते," दोमिंगो म्हणाला, "मग राहा तिथे."

तो तेलकट हातांनी डोळे पुसत राहिला आणि काकूंनी त्याच्यापुढे करंज्यांची ताटली सरकवली. सरांनी दोन्ही हात जोडून फोनला नमस्कार केला आणि तो परत दिला.

"चला," ते म्हणाले. "चतुर्दशी हाय. पाणी मागं जायला लागलं."

मुलं आधीच किनाऱ्यावर जमली होती. सरांनी झावळी घेतली आणि देठ वाळूत टेकवला. दोमिंगो त्यांच्या बाजूने चालायला लागला. सर मराठीत बोलत होते, तो त्याच्या भाषेत बोलत होता, मधे हात हलत होते, कोणी कोणाला थांबवत नव्हतं. मी मुलांसोबत उभी राहून बघत होते. बूट खुंटीलाच राहिले होते. त्या दिवशीचं मैदान पार रेवदंड्याच्या किल्ल्यापर्यंत गेलं.